आपल्या घरचा मास्तर

(नंदुरबार जिल्ह्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज आपण औत सोडून, भाता थांबवून, रंधा खालीं ठेवून येथें आलां आहांत. एका दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसांपुढें पोकळ शब्दांचे बुडबुडे सोडणें हें पाप आहे. म्हणून आम्ही सरळ मुद्यालाच हात घालतों. आपल्या मुलांस शिकविणारा मास्तर कसा असावा, तो कोठें घडावा, आणि आपल्याच घरांतील मुलास अगर मुलीस मास्तर व्हावयाचें असेल तर त्यांनीं कोणती वाट धरावी, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम आपलें घर पाहूं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून फुटून आपला नंदुरबार जिल्हा निराळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची वस्ती साडेसोळा लाखांच्या घरांत भरली. त्यांत दर शंभर माणसांमागें एकोणसत्तर आदिवासी. सात वर्षांवरील माणसांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा ६४ च्या आसपास आलें. साऱ्या महाराष्ट्राचें तें ८२ होतें, आणि आपल्या जिल्ह्याचा नंबर राज्यांत सर्वांत शेवटचा लागला. म्हणजे शंभरांतील पस्तीस-छत्तीस माणसें सातबारा हातांत आला तरी तो सुलटा आहे कीं उलटा हें दुसऱ्यास विचारणारीं होतीं.

असे आंकडे निघाले कीं कित्येक शहाणे मान हालवून म्हणतात, "या लोकांच्या पोरांना शिकण्याची गोडीच नाहीं." आमचा त्यांना सवाल आहे. ज्या पोराला सहाव्या वर्षीं शिवारांतलें प्रत्येक झाड नांवानिशीं ठाऊक असतें, जें वीस शेळ्यांच्या कळपांतून कोणाची शेळी कोणती तें लांबून सांगतें, जें नाल्याच्या पाण्याचा रंग पाहून वर डोंगरांत पाऊस झाला कीं नाहीं तें ओळखतें, तें पोर मठ्ठ कसें? तें घरीं हुषार आणि शाळेच्या उंबऱ्याच्या आंत पाऊल टाकतांच मठ्ठ होत असेल, तर खोट पोरांत नसून उंबऱ्याच्या आंत कांहीं तरी आहे.

तें काय आहे? आपल्या जिल्ह्यांत घरोघर एक बोली नाहीं. सातपुड्यांत पावरी व भिली, नवापुराकडे मावची, खालीं सपाटीवर अहिराणी व गुजरी. मूल या बोलींत रांगतें, रडतें, भांडतें आणि विचार करतें. सहाव्या वर्षीं तें शाळेंत जातें आणि तेथें पुस्तकी मराठी ऐकतें. आपली अहिराणी तर मराठीला फार जवळची, तरी जो पोर घरीं "आठे ये" ऐकतो त्याला "इकडे ये" हें नव्यानें शिकावें लागतें. ज्याला माय "आंडोर" म्हणते त्याला पुस्तकांतला "मुलगा" आपणच, हें कळावयास वेळ लागतो. मग ज्याच्या घरीं पावरी अगर मावची आहे त्याची काय गत होत असेल, तें आपणच ठरवा. पोर गप्प बसतें. मास्तर म्हणतो, याला कांहीं येत नाहीं. खरें पाहतां पोराला पुष्कळ येतें. तें मास्तरला कळत नाहीं. दोघांच्या मध्यें भाषेची नदी आणि तिच्यावर पूल नाहीं.

हा पूल म्हणजेच मास्तर. सबब मास्तर कसा घडतो, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या विद्वानांनीं सोडवावयाचा आणि आपण ऐकावयाचा, असा नाहीं. तो आपल्या चुलीपाशीं बसलेला प्रश्न आहे.

ही गोष्ट आज कोणास सुचली असेंहि नाहीं. १८८२ सालीं सरकारनें शिक्षणाची चौकशी करण्यासाठीं हंटर साहेबांचें कमिशन नेमलें. त्या कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं आपलें निवेदन ठेविलें. त्यांत त्यांनीं खेड्यांच्या शाळांतील मास्तरांविषयीं जें सांगितलें, तें आज सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटला तरी शिळें झालेलें नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतून तयार करावे. कारण ते लोकांत मोकळेपणानें मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. वेळ पडल्यास नांगराचा रुमणा अगर सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांना लाज वाटतां कामा नये. त्यांच्या शिक्षणक्रमांत नेहमींच्या विषयांबरोबर शेती व आरोग्य यांची प्राथमिक माहिती असावी. आणि त्यांस दरमहा निदान बारा रुपये पगार असावा, म्हणजे गांवांत त्यांचा मान राहील व चांगलीं माणसें या धंद्यांत येतील.

बंधूंनो, या मागण्यांत केवळ जातीचा हिशेब पाहूं नका. परगांवचा, परजातीचा मास्तर नकोच, असें आमचें म्हणणें नाहीं. बाहेरून येऊन पावरी शिकलेला, पोराच्या झोंपडीपर्यंत चालत जाणारा मास्तर आम्हांस शिरसावंद्य आहे. आणि आपल्याच जातींत जन्मून, चार बुकें शिकून, आपल्याच बोलीला हंसणारा मास्तर काय कामाचा? रुमण्याला हात लावण्याची लाज नसणें, ही कसोटी जन्माची नसून वृत्तीची आहे. पण ही वृत्ती ज्या घरांत सहज असते तें घर आपलें आहे, हेंहि विसरूं नका.

जोतीराव बोलून थांबले नव्हते. सावित्रीबाईंनीं अहमदनगरास व पुण्यास शिक्षिकेचें रीतसर शिक्षण घेतलें आणि मग दगड-शेण सोसून मुली शिकविल्या. पुढें कर्मवीर भाऊराव पाटलांनीं हेंच सूत्र उचललें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. खेडोपाडीं शाळा काढावयाच्या तर मास्तर कोठून आणावयाचे, हा पेंच पडतांच १९३५ सालीं त्यांनीं साताऱ्यास खेड्यांतील शिक्षकांसाठीं ट्रेनिंग कॉलेज उघडलें. शाळा आधीं कीं मास्तर आधीं, या वादांत ते पडले नाहींत. रयतेच्या पोरांतूनच मास्तर घडवावयाचे व त्यांनाच रयतेच्या शाळेंत पाठवावयाचें, हा त्यांचा सरळ हिशेब होता.

आतां मास्तर घडतो कसा तें पाहूं. हें आपल्या कारागीर मंडळींस समजाविण्याची गरजच नाहीं. सुताराचा मुलगा सुतारकी कशी शिकतो? प्रथम तो बापाच्या समोर बसून लांकूड धरतो. मग करवतीचें एक टोंक त्याच्या हातीं येतें. मग रंधा. मग साधी खुंटी. पाभरीचें काम हातीं देण्यापूर्वीं बाप त्याचीं दहा लांकडें वायां जाऊं देतो, पण अकरावें वायां जाऊं देत नाहीं. लोहार पोराला आधीं भात्यावर बसवितो; लोखंडाचा रंग कोणता झाला म्हणजे घण घालावयाचा, हें पोर डोळ्यांनीं शिकतें, पुस्तकानें नाहीं. पोहण्यावर व्याख्यान ऐकून कोणी तापी तरून गेल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं.

मास्तरकी हाहि हाताचा, डोळ्यांचा व जिभेचा धंदा आहे. मानसशास्त्र, गणित, भाषा हें सारें ज्ञान त्याला पाहिजेच. अडाणी मास्तर आम्हांस नको. परंतु चाळीस पोरांतून कोणाला समजलें नाहीं तें चेहऱ्यावरून ओळखणें, रडणाऱ्याला गप्प करतां करतां फळ्यावरचें काम चालूं ठेवणें, एकच गोष्ट तीन तऱ्हांनीं सांगणें, हें पोरांच्या गर्दींतच येतें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, मास्तर कॉलेजांत सुरू होतो खरा, पण घडतो शाळेंत.

इंग्लंडांत १८४६ सालीं नेमकी हीच पद्धत सरकारनें सुरू केली. तेरा वर्षांच्या हुषार मुलामुलींस पांच वर्षेंपर्यंत शाळेच्या मुख्य मास्तराजवळ उमेदवारीस ठेवावयाचें. दिवसा त्यांनीं लहान मुलांस शिकवावें, शाळा सुटण्याच्या आगेंमागें मास्तरानें त्यांस शिकवावें, आणि त्यांस सालीना दहा पौंडांपासून वीस पौंडांपर्यंत विद्यावेतन मिळावें. या वाटेनें मजुरांचीं व कारागिरांचीं हजारों मुलें शिक्षक झालीं. ज्यांच्या बापांस कॉलेजाचें नांव घेण्याची ऐपत नव्हती त्यांना ही शिडी मिळाली. परंतु तिची दुसरी बाजूहि लक्षांत ठेवा. पुष्कळ ठिकाणीं या उमेदवारांस स्वस्त मजूर म्हणून राबविलें गेलें. शिकविण्याचें काम त्यांच्या गळ्यांत, आणि त्यांना शिकविण्यास कोणाला सवड नाहीं. उमेदवारी चांगली, पण उस्ताद शिकवीत असेल तर. उस्ताद नुसता पाय चेपून घेत असेल तर ती वेठ झाली.

आतां आपल्याकडील आजची व्यवस्था ऐका. पहिली ते पांचवीच्या वर्गांचा शिक्षक होण्यास बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घ्यावी लागते. तिला आपण अजून जुन्या संवयीनें डी.एड. म्हणतों, कागदावर तिचें नांव आतां डी.एल.एड. आहे. २०१४ सालच्या नियमांनीं या दोन वर्षांत निदान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेंत काढण्याचें ठरलें आहे. तिलाच शालेय आंतरवासिता म्हणतात. नांव मोठें आहे, अर्थ उमेदवारीच.

या उमेदवारींत काय व्हावें? पहिल्या दिवसांत छात्राध्यापकानें वर्गाच्या मागें बसून पाहावें: मास्तर काय विचारतो, कोण उत्तर देतें, कोण कधींच देत नाहीं. मग पाठाचें टांचण काढावें, म्हणजे आज काय शिकवावयाचें, कोणत्या वस्तु दाखवावयाच्या, कोणते प्रश्न विचारावयाचे, याचा आराखडा. मग पाठ घ्यावा, आणि शाळेच्या गुरुजींनीं व कॉलेजच्या अध्यापकाचार्यांनीं मागें बसून चुका दाखवाव्या. शेवटीं त्यानें सबंध शाळेचें काम अंगावर घ्यावें. परिपाठ, हजेरी, दुपारचा पोषण आहार, पालकांची भेट, परीक्षा, सारें. जो उमेदवार या सर्वांतून खरोखर गेला, तो नोकरीच्या पहिल्या दिवशीं गांगरत नाहीं.

पण खोट कोठें आहे तीहि सांगतों. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणें साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेंत दोन शिक्षक असतात. आपल्या डोंगरांतल्या पाड्यांवरील शाळा बहुधा याच मापाच्या. चार किंवा पांच इयत्ता आणि मास्तर दोन. एक मीटिंगला गेला कीं उरला एक. तेव्हां पहिलीची पोरें अक्षरें गिरवीत आहेत, तिसरीचीं बेरजा करीत आहेत, चौथीचीं वाचीत आहेत, आणि सर्वांवर एकट्याचे डोळे. हें शिकविणें निराळें आहे. त्याला निराळी युक्ति लागते. एका गटाला काम लावून दुसऱ्याजवळ बसणें, मोठ्या पोराकडून लहान्याला शिकविणें, एकच गोष्ट सांगून प्रत्येक इयत्तेस तिच्यावर निराळें काम देणें.

आणि आमचे उमेदवार सराव कोठें करतात? बहुधा कॉलेजाच्या जवळच्या, शहरांतल्या शाळेंत. जेथें दर इयत्तेला निराळी खोली, निराळा शिक्षक, आणि पोरांना मराठी येते. सराव सपाटीवर आणि नोकरी चढावर! ज्याला धडगांवच्या डोंगरांत औत धरावयाचें आहे त्याला शहादेच्या काळ्या रानांत नांगरट शिकविण्यासारखें हें आहे. आमची पहिली मागणी हीच कीं, आंतरवासितेचे कांहीं आठवडे तरी द्विशिक्षकी शाळेंत, आश्रमशाळेंत, ज्या बोलीच्या मुलखांत पुढें काम करावयाचें आहे त्या मुलखांत काढावे. दिवाळीनंतर ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांचीं पोरें वर्गांतून कशीं नाहींशीं होतात, आठवडे बाजाराच्या दिवशीं हजेरी कां पडते, श्रावणांत नाला भरला म्हणजे पलीकडच्या पाड्यावरचीं मुलें कां येत नाहींत, हें पुस्तकांत नाहीं. तें त्या मुलखांत राहिलेल्याला कळतें.

हें स्वप्न नव्हे. आपल्याच जिल्ह्यांत याचें उदाहरण उभें आहे. सरदार सरोवराच्या धरणानें महाराष्ट्राचीं ३३ गांवें बाधित झालीं. तीं सारीं अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं. नर्मदेच्या कांठच्या या गांवांतून कोठें शाळा होती ती कागदावर, कोठें मास्तर येत नव्हता. तेव्हां लोकांनींच नर्मदा बचाव आंदोलनाच्या साह्यानें आपल्या शाळा काढल्या. पहिल्या दोन शाळा १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी व निमगव्हाण येथें निघाल्या. त्यांना जीवनशाळा म्हणतात. धरणाचें पाणी चढलें तेव्हां कुडाच्या शाळा खालून सोडून वर पुन्हां बांधल्या.

या जीवनशाळांत शिकवावयास कोणास बोलाविलें? त्याच मुलखांतल्या, थोडेंबहुत शिकलेल्या तरुणांस. पदवीचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. पण पोरांची बोली होती, जंगलाची माहिती होती आणि गांवचा विश्वास होता. शिकवतां शिकवतां ते शिकले. शिबिरांतून, अनुभवी माणसांच्या संगतीनें, एकमेकांच्या वर्गांत बसून ते मास्तर झाले. पोरांना आधीं आपल्या बोलींत बोलतें केलें, आणि त्या बोलीच्या पायरीवरून मराठीच्या माडीवर चढविलें. पुढें या शाळांतून निघालेल्या मुलांपैकीं कांहींजण शिकून परत शिक्षक झाले. आंदोलनाच्या राजकारणाविषयीं कोणाचें मत कांहींहि असो; पण आपल्या पोरांतून मास्तर घडतो, आणि तो शाळेंतच घडतो, हें त्या पाड्यांनीं दाखवून दिलें. येथें पुराव्यास दुसरी साक्ष नको.

आतां कांहीं कडू बोलणें आहे. तें बोलल्यावांचून गेलों तर आम्ही तुमचे हितचिंतक नव्हे.

२००० सालीं राज्यांत शिक्षणसेवकाची पद्धत आली: पहिलीं तीन वर्षें ठराविक मानधनावर काम, मग कायम. त्याच दशकांत डी.एड. कॉलेजांचें पीक असें आलें कीं पावसाळ्यांत गवत काय उगवेल! ज्याच्याजवळ चार खोल्या तो संस्थाचालक. "पोराला मास्तर करा, दोन वर्षांत नोकरी" म्हणून गरीब बापांनीं बैल विकले, मायांनीं गळ्यांतलें मोडलें, कोणीं वावर गहाण टाकलें. २०१० नंतर भरती वर्षानुवर्षें थंडावली. हातांत पदविका घेऊन पोरें रोजगार हमीच्या कामावर, सुरतेच्या कारखान्यांत, ऊसतोडीस गेलीं. संस्थाचालकांचीं घरें माडीचीं झालीं आणि कॉलेजांना कुलपें लागलीं. त्या कॉलेजांपैकीं कित्येकांत पोरांनीं शाळेचें तोंडहि धड पाहिलें नव्हतें. सरावाच्या वह्या घरीं बसून भरल्या आणि सह्या झाल्या. अशा कागदाच्या मास्तरानें पोराचें काय करावें?

म्हणून आज या वाटेनें जाणाऱ्यानें डोळे उघडे ठेवून जावें. नुसत्या पदविकेनें नोकरी मिळत नाहीं. तिच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, जिला टीईटी म्हणतात, ती उतरावी लागते. महाराष्ट्रांत ती २०१३ पासून सुरू झाली. पुढें भरतीसाठीं निराळी अभियोग्यता चांचणी २०१७ पासून आली. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें, नोकरींत असलेल्या बहुतेक जुन्या शिक्षकांनींहि टीईटी उतरली पाहिजे असा निकाल दिला. म्हणजे या परीक्षेला बगल देण्याचा रस्ता उरला नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें त्याच कोर्टानें असेंहि ठरविलें कीं, पहिली ते पांचवीस बी.एड. चालणार नाहीं, तेथें प्राथमिकचीच पदविका पाहिजे. हा निकाल आपल्या बारावी झालेल्या पोरांच्या कामाचा आहे. पगाराचें म्हणाल तर प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचें मानधन जानेवारी २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये झालें. तें तीन वर्षें, आणि मग पूर्ण वेतनश्रेणी.

परीक्षा आली कीं दलालहि येतो. "एवढे द्या, पास करून देतों." त्याच्या नादीं लागूं नका. २०१९-२० च्या टीईटींत पैसे देऊन गुण वाढविल्याचें उघडकीस आलें आणि २०२२ सालीं सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. पैसे गेले, अब्रू गेली. ज्या पोराला पुढें दुसऱ्यांच्या पोरांना खरें बोलावयास शिकवावयाचें, त्यानें दारांतूनच खोटें बोलून आंत शिरावें, हें कोणत्या नीतींत बसतें?

आणखी एक हक्काची गोष्ट. ९ जून २०१४ रोजीं राज्यपालांनीं अधिसूचना काढून, अनुसूचित क्षेत्रांतील शिक्षकांसह कांहीं पदें स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याचें ठरविलें. आपले चार तालुके पूर्णपणें आणि शहादा-नंदुरबारचा कांहीं भाग या क्षेत्रांत येतो. त्यावर पुढें कोर्टांत वाद गेले. परंतु तत्त्व आपल्या बाजूचें आहे. स्थानिक मास्तर पाहिजे असें सरकारनेंच कबूल केलें आहे. आतां स्थानिक मास्तर तयार नाहींत, असें म्हणावयास कोणास जागा ठेवूं नका.

मग करावें काय? घरानें, गांवानें व उमेदवारानें प्रत्येकीं एकेक काम करावें.

घरानें हें करावें: पोराला मास्तर करण्यापूर्वीं त्याला पोरांची आवड आहे कीं नाहीं तें पाहा. सुट्टींत चार लहान मुलें घेऊन तें बसतें का? समजावून सांगतांना चिडतें का? आवड नसेल तर दुसरा धंदा शिकवा. त्यांत कमीपणा नाहीं. आवड असेल तर कॉलेज निवडतांना इमारतीचा रंग पाहूं नका. एकच प्रश्न विचारा: तुमचे विद्यार्थी सरावाला कोणत्या शाळेंत जातात आणि त्यांचा पाठ कोण बसून पाहतो? याचें सरळ उत्तर न देणाऱ्या कॉलेजाच्या पायरीवरून परत फिरा. सरकारी संस्था व सवलती यांची आधीं चौकशी करा. वावर गहाण टाकून पदविका घेऊं नका. जमीन गेली तर मास्तरच्या पगारानें ती परत येत नाहीं.

आणि मुलीविषयीं सांगतों. सोळा-सतरा झालीं कीं तिच्या लग्नाची घाई. दोन वर्षें थांबा. सावित्रीबाई शिकून मास्तरीण झाल्या म्हणून आज आपल्या सभेंत आपल्या आयाबहिणी मान वर करून बसल्या आहेत. पहिलीच्या पोराला मायेची बोली बोलणारी बाई मिळाली, तर तें शाळेला दुसरें घर समजतें. आणि शाळेंत बाई आहे म्हटल्यावर गांवच्या बापालाहि मुलगी शाळेंत धाडण्याचा धीर येतो.

गांवानें हें करावें: प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिति असते. कायद्यानें तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्मे सभासद बाया असल्या पाहिजेत. ही समिति केवळ झेंडावंदनाच्या नारळासाठीं नाहीं. शाळेंत उमेदवार आला तर समितीनें विचारावें: हा शिकवितो, कीं गुरुजींच्या नोंदवह्याच भरतो? याच्या पाठाला मागें कोण बसतें? त्याला राहण्यास खोली नसेल तर एखाद्या घरानें ओसरी द्यावी. त्याच्या ताटांत भाकर घालावी. ज्यानें गांवची भाकर खाल्ली आणि रात्रीं चुलीपाशीं गांवच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, तो दुसऱ्या दिवशीं वर्गांत पोराची चेष्टा करणार नाहीं. आणि सुतारदादा, लोहारदादा, तुम्हीहि वर्षांतून एकदां शाळेंत जाऊन पोरांना रंधा व घण दाखवा. त्या उमेदवारालाहि कळूं द्या कीं, माप, कोन आणि हिशेब हे फळ्यावरच नाहींत, तुमच्या हातांतहि आहेत.

उमेदवारानें हें करावें: आपली बोली घरीं ठेवून जाऊं नये. ती तुझी भांडवलाची थैली आहे, बाळ. शहरांतल्या पोराजवळ ती नाहीं. पण त्याच बरोबर मराठी पक्की कर, गणित पक्कें कर, कारण बोलीच्या नांवाखालीं अर्धवट ज्ञान देणें ही पोरांची फसवणूक आहे. २० आठवड्यांतील एकहि दिवस खोट्या सहीनें काढूं नकोस. दुसऱ्याच्या पोरावर तुझा हात बसावयाचा आहे. लांकूड वायां गेलें तर दुसरें मिळतें, पोराचें वर्ष वायां गेलें तर तें मिळत नाहीं.

शेवटीं एवढेंच. कोणी म्हणेल, नोकऱ्या थोड्या आणि खटपट फार. कशाला या वाटेस जावें? खरें आहे, नोकरीची हमी आम्ही देत नाहीं; जो देतो तो लबाड आहे. पण आपल्या शाळांतून मास्तर तर लागणारच. ते कोठून तरी येतीलच. प्रश्न एवढाच कीं, ते आपल्या पोरांचें बोलणें समजणारे येतील कीं न समजणारे. पाड्यावर राहणारे येतील कीं शनिवारची मोटार पाहणारे. तें आपोआप ठरत नाहीं. चांगलें बीं पाहिजे असेल तर शेतकरी कणसें निवडून तें घरींच राखून ठेवतो. पेरणीच्या दिवशीं बाजारांत धांवत नाहीं. तसें प्रत्येक गांवानें आपल्या पोरांतून एखाददुसरें पोर मास्तरकीसाठीं निवडून राखावें, त्याला खऱ्या शाळेंत, खऱ्या गुरुजींच्या हाताखालीं घडवून घ्यावें, आणि घडल्यावर आपल्याच मुलखांत आणून बसवावें.

असें प्रत्येक गांवानें केलें तर पुढच्या शिरगणतींत शेवटच्या नंबराची ही पाटी आपल्या जिल्ह्याच्या गळ्यांत राहणार नाहीं. ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत पडावी, अशीहि आमची इच्छा नाहीं. ती फुटावी, एवढीच इच्छा आहे.